भागाकाराचा ताळा

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर जिचं स्टिकर होतं ती कंपनी बुडाली का गं? सरकारने घेतली म्हणतात." मी कामाच्या गडबडीत "नंतर सांगते" म्हणून फोन ठेवला. मग आईने सांगितलं की बाबांनी घरखर्चाची वही लिहिणं बंद केलंय. बेरीज दोनदा चुकली, पान फाडलं आणि वही कपाटात गेली. आई, तू हे हळूच सांगितलं होतंस, तरी लिहितेय. रागावू नकोस. तेव्हापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

आधी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. ती कंपनी म्हणजे इंटेल, कॉम्प्युटरच्या चिप बनवणारी. ती बुडालेली नाही, पण २०२४ साल तिला फार वाईट गेलं. ऑगस्टमध्ये सुमारे १५,००० माणसं कमी करणार असं जाहीर झालं, लाभांश थांबवला आणि एका दिवसात शेअर पाव किमतीने कोसळला. डिसेंबरच्या सुरुवातीला कंपनीचे प्रमुख पॅट गेल्सिंगर पायउतार झाले. पुढच्या ऑगस्टमध्ये अमेरिकी सरकारने जवळपास १० टक्के हिस्सा घेतला, २०.४७ डॉलरला एक शेअर, एकूण ८९० कोटी डॉलर. त्यातला बराचसा पैसा अनुदान म्हणून आधीच ठरलेला होता, तो शेअरच्या बदल्यात दिला. म्हणजे कंपनी विकली गेली असं नाही, सरकार भागीदार झालं.

बाबा, आता मला जे खरं सांगायचंय ते. मी चिपच्या तपासणीत काम करते म्हणजे काय करते, हे तुम्ही कितीदा विचारलंत, आणि मला कधी धड सांगता आलं नाही. आज सांगते. तुम्ही मला चौथीत भागाकाराचा ताळा शिकवलात ना, भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी बरोबर भाज्य, तेच मी करते. आमच्याकडे नव्या आलेल्या प्रत्येकाला १९९४ची एक गोष्ट सांगितली जाते, ती या इंटेलचीच आहे.

त्या वर्षी थॉमस नाइसली नावाचे गणिताचे प्राध्यापक जुळ्या मूळ संख्यांवर (११ आणि १३ अशा, दोनाच्याच फरकाने येणाऱ्या मूळ संख्यांच्या जोड्यांवर) काम करत होते. त्यांचे आकडे जुळेनात. त्यांनी आपला प्रोग्रॅम तपासला, दुसऱ्या मशीनवर चालवून पाहिला, एकेक शंका बाजूला काढली. महिने गेले. शेवटी उरली ती इंटेलची पेंटियम चिप. ४१,९५,८३५ला ३१,४५,७२७ने भागा. उत्तर १.३३३८२ येतं. पेंटियम १.३३३७४ सांगायची. ताळा करून पाहा: आलेल्या उत्तराला भाजकाने गुणून मूळ संख्येतून वजा केलं तर शून्य उरायला हवं. उरायचे २५६. मी हे पहिल्यांदा कागदावर करून पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

कारण इतकं साधं की विश्वास बसू नये. पहिले दोन-तीन अंक बघून 'किती वेळा भाग जाईल' याचा अंदाज आपण मनातल्या मनात करतो. चिपही तसंच करते, फक्त अंदाजासाठी तिच्या पोटात एक कोष्टक असतं. त्या कोष्टकातली १,०६६ घरं भरायची होती. चिपमध्ये उतरवताना त्यातली पाच रिकामी राहिली, जिथे दोन हवे होते तिथे शून्य बसलं. बहुतेक भागाकार त्या घरांपर्यंत पोचतच नाहीत. म्हणून सगळं ठीक दिसत राहिलं.

चूक कुणाच्याही हातून होते. मला आजही टोचतं ते पुढचं. कंपनीच्या तपासनिसांना ती त्याच उन्हाळ्यात सापडलेली होती, तरी बाहेर कुणाला सांगितलं नाही. प्रकरण बाहेर आल्यावर कंपनीवाले म्हणाले, साध्या वापरात ही चूक २७,००० वर्षांतून एकदा दिसेल, अचूक गणित लागतं हे ज्यांना पटवून देता येईल त्यांनाच चिप बदलून देऊ. लोक भडकले. आयबीएमने १२ डिसेंबरला ती चिप असलेले कॉम्प्युटर पाठवणं थांबवलं, आणि २० डिसेंबरला इंटेलने माफी मागून मागेल त्याला चिप बदलून द्यायचं कबूल केलं. खर्च धरला ४७.५ कोटी डॉलर. पाच रिकाम्या घरांचे इतके पैसे झाले नसते, बाबा. ते लपवण्याचे झाले.

(पेंटियम हे नावही कोर्टामुळे पडलं. '३८६' हा आमच्या आधीच्या चिपचा आकडा आमच्याच मालकीचा, असं कंपनीचं म्हणणं होतं. १९९१मध्ये न्यायालयाने सांगितलं, आकड्यावर असा हक्क सांगता येणार नाही. मग पाचव्या पिढीच्या चिपला ५८६ न म्हणता ग्रीक 'पाच'वरून नाव ठेवलं.)

कोर्टाचा दुसरा खटला फार लांबला. युरोपीय आयोगाने, म्हणजे युरोपीय संघाच्या कारभार पाहणाऱ्या संस्थेने, २००९मध्ये इंटेलला १०६ कोटी युरोंचा दंड केला. आरोप असा, की डेल, एचपी, लेनोवो अशा कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपन्यांना सवलती दिल्या, पण सगळा किंवा जवळपास सगळा माल आमच्याकडूनच घ्यायचा या बोलीवर. शिवाय काहींना पैसे दिले ते एएमडी या प्रतिस्पर्धी कंपनीची चिप असलेले कॉम्प्युटर उशिरा आणा किंवा आणूच नका म्हणून. त्याच वर्षी एएमडीशी १२५ कोटी डॉलर देऊन तडजोड झाली. मूळ दंडाची लढाई मात्र २०२४पर्यंत चालली. सवलतींबद्दलचा निर्णय रद्द झाला. माझं मन एएमडीच्या बाजूचं, त्यामुळे वाईट वाटलं. पण कारण वाचलं आणि गप्प बसले. या सवलतींपुढे तितकाच कार्यक्षम स्पर्धक टिकला असता का, याचा आयोगाने जो हिशेब मांडला होता, त्यातच न्यायालयाला चुका सापडल्या. ताळा न जुळलेलं उत्तर न्यायालयानेही घेतलं नाही. माल अडवण्यासाठी दिलेल्या पैशांचा ठपका टिकला, आणि त्यापुरता २०२३मध्ये नवा दंड लागला, सुमारे ३७.६ कोटी युरो.

बाबा, तुमच्या वहीतली चूक मला दुसऱ्या कुणी सांगावी लागली, याचंच मला जास्त वाईट वाटलं. माझ्या टेबलावर रोज दुसऱ्यांच्या चुका येतात, माझ्या त्यांच्या टेबलावर जातात. आमच्या कामात कुणीच स्वतःची तपासणी स्वतः करत नाही, तसा नियमच आहे. तुम्ही मात्र चाळीस वर्षं एकट्याने लिहिलंत आणि एकट्यानेच तपासलंत.

तेव्हा वही कपाटातून काढा. फाडलेलं पान गेलं तर गेलं, पुढच्या पानावर या महिन्याचं लिहा. रविवारी फोन करीन तेव्हा ती समोर ठेवा. तुम्ही आकडे वाचा, मी इकडे बेरीज करते. मग मी वाचीन, तुम्ही करा. आई, चष्मा तेवढा त्यांच्या हाताशी ठेव.

तुमची लेक