मंत्रीमहोदय, मोठ्या गाड्यांवर आमचा राग का आहे ते एकदा ऐकून घ्या

मा. मंत्रीमहोदय,
स.न.वि.वि.

हे पत्र डाव्या हाताने, फोनवर एकेक अक्षर शोधत लिहितेय. उजव्या कोपरात प्लेट आणि पाच स्क्रू आहेत. आज अठरावा दिवस. हात खांद्याच्या वर जात नाही, केस मुलगी विंचरते, फळ्यावर लिहिता येत नाही म्हणून शाळेत रजा टाकलीय, आणि रात्री कूस बदलली की कळ मेंदूपर्यंत जाते. हे आधी सांगितलं कारण पुढचं वाचताना तुम्हाला माझा सूर चढलेला वाटेल, तो का चढलाय ते कळावं.

दिवाळीच्या सुट्टीतला रविवार. आम्ही पाच जणी रत्नागिरीहून पहाटे साडेपाचला निघालो, शिरगाव, बसणी, काळबादेवी करत आरे-वारेच्या रस्त्याला. तीन वर्षं आम्ही हेच करतोय. मी ५१ वर्षांची हायस्कूलमधली शिक्षिका, डॉक्टरांनी गुडघ्यासाठी सायकल चालवा म्हटलं म्हणून सुरू केलं आणि मग सवयच झाली. चढ संपून उतार सुरू होतो तिथे मागून आवाज आला. तुम्ही सायकल चालवत नाही म्हणून सांगते, आम्हाला मागे डोळे नसतात, कान असतात. रुंद टायरची घरघर वेगळी, डिझेलचा दाब वेगळा, एसटी वेगळी, चिऱ्याचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, ट्रक वेगळा. मी पुढच्या बाईंना ओरडले, "मोठी आहे, उंच, आत घ्या!" गाडी अजून वळणाआडच होती. आली ती तशीच आली, काळी, उंच, काळ्या काचांची, पुढे बंपरवर लोखंडी कठडा, बुलबार म्हणतात तो. समोरून रिक्षा येत होती तरी ओव्हरटेक. तिचा आरसा माझ्या कोपरावर बसला आणि मी डावीकडे फेकली गेले.

आणि "आत घ्या" म्हटलं तर आत काय होतं? डांबर संपतं तिथे वीतभर खोल खड्डा. पावसाने साईडपट्टीची तांबडी माती वाहून नेलीय, खाली नुसते चिऱ्याचे तुकडे. त्यावर मी पडले. गाडी थांबली नाही, ब्रेकचा लाल दिवासुद्धा लागला नाही. थांबली ती मागून येणारी मासळीची पिकअप. आतली बाई उतरून म्हणाली, "उठू नको गो बाय, हाड हललं तर वाट लागेल," आणि बर्फाच्या पेट्या एका बाजूला सारून मला तिने दवाखान्यात आणलं. तिचं बाजार त्या दिवशी बुडलं असणार. मी पैसे देऊ केले ते तिने घेतले नाहीत.

आता साईडपट्टीचं सांगते, कारण हे पत्र तुम्हाला आहे, त्या गाडीवाल्याला नाही. फेब्रुवारीत आम्ही चाळीस सह्यांचं निवेदन घेऊन तुमच्या अखत्यारीतल्या एका साहेबांकडे गेलो होतो. नाव लिहीत नाही. त्यांनी चहा दिला आणि आमच्या कागदाच्या समासात स्वतःच्या पेनने लिहिलं, "पावसापूर्वी साईडपट्टी भरून घेणे." त्या कागदाचा फोटो माझ्याकडे आहे. पाऊस आला, गेला, भात कापून झालं, झोडणी झाली, साईडपट्टी तिथेच आहे म्हणजे नाहीच आहे. पडल्यावर आठव्या दिवशी आमच्यातल्या तिघी परत त्यांच्याकडे गेल्या. तेव्हा ते म्हणाले, यंदा त्याला हेड, म्हणजे खर्चाचं खातं, नव्हतं. आणि पुढे म्हणाले, "मॅडम, खरं सांगू का, तुम्हा सायकलवाल्यांचा मोठ्या गाड्यांवर रागच असतो. गाडी मोठी दिसली की चूक तिचीच. हा पूर्वग्रह आहे."

पूर्वग्रह. हा शब्द मला हाडापेक्षा जास्त लागला. तेव्हापासून त्याच्यावर विचार करतेय, दुसरं काही करता येत नाही.

हो साहेब, आमच्यात असं बोललं जातं. थारवाले आले, फॉर्च्युनरवाला आहे, स्कॉर्पिओ आहे जरा जपून, असं आम्ही एकमेकींना सांगतो. नंबरप्लेटवरूनही बोलतो, एमएच १२, १४, ०४, ०९ अशी पुण्या-ठाण्या-कोल्हापूरकडची दिसली की शनिवार-रविवार सुरू झाला असं समजतो. पर्यटकांना घेऊन गणपतीपुळ्याला धावणारी भाड्याची गाडी असेल तर ड्रायव्हरला दुपारच्या आत तीन ठिकाणं दाखवायची असतात, तो थांबणार नाही हे आम्ही धरून चालतो. वाळूचा डंपर तर आम्ही रस्ता सोडूनच बघतो. उलट एसटीचा ड्रायव्हर वळणाआधी एकदा हॉर्न देतो आणि उतार संपेपर्यंत मागे राहतो, निदान आमच्या रस्त्यावरचे तरी. यातलं सगळं शंभर टक्के खरं नसतं, मला कळतं. माझा पुण्याचा भाचा तसलीच उंच जीप चालवतो, पोरगा सोन्यासारखा आहे, पण स्टेअरिंगवर बसला की त्याचा आवाज बदलतो हे मी स्वतः ऐकलंय. एकदा त्याच्या शेजारी बसून मी हाच रस्ता बघितला. वरून रस्ता रुंद वाटतो, ऐंशीचा वेग पन्नास वाटतो, आणि सायकलवाली बाई जवळ आली की बॉनेटच्या कडेला नुसते खांदे आणि डोकं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की त्या माणसाला मी माणूस म्हणून दिसतच नसेन.

मग मुलीने आणि मी बसून शोधलं की हा नुसता आमचाच समज आहे की कोणी मोजलंय. मोजलंय. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठाने १८९२ गाडीमालकांना विचारून २०२० मध्ये सांगितलं की हट्टी, आत्मकेंद्री, दुसऱ्याची फिकीर नसलेले पुरुष ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीजसारख्या गाड्या जास्त घेतात. त्यातच असंही आहे की शिस्तीची, जबाबदार माणसंही त्याच गाड्या घेतात. अमेरिकेत लास वेगासला बघितलं की गाडीची किंमत हजार डॉलरने वाढली की पायी चालणाऱ्याला वाट देण्याची शक्यता ३ टक्क्यांनी कमी होते. आणि इंग्लंडमध्ये इयान वॉकर नावाच्या संशोधकाने २००६ साली सायकलला सेन्सर लावून दोन हजारांवर ओव्हरटेक मोजले. तो हेल्मेट घालायचा तेव्हा गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जास्त जवळून गेल्या. बायकांसारखा केसांचा टोप घातला तेव्हा जास्त अंतर ठेवून गेल्या. बस आणि ट्रक सगळ्यात जवळून गेले. आणि एसयूव्ही, म्हणजे या उंच मोठ्या गाड्या? साध्या गाड्यांपेक्षा जवळून गेल्याचं काही आढळलं नाही.

हे शेवटचं मी मुद्दाम लिहिलं, लपवलं असतं तर साहेबांनी काढलंच असतं. असू दे. तिथे सगळे जवळपास तेवढ्याच अंतरावरून जात असतील. पण लागलं तर कशाने लागतं हाही प्रश्न आहे ना? अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने जवळजवळ १८ हजार अपघात तपासून २०२३ मध्ये सांगितलं की बॉनेट ४० इंचांपेक्षा उंच असेल तर, ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या तुलनेत, धडकेत पादचारी मरण्याची शक्यता ४५ टक्क्यांनी जास्त असते. छोटी गाडी पायाला लागते, ही छातीला आणि डोक्याला. मग मी तिच्या आवाजाला घाबरले तर तो पूर्वग्रह कसा झाला? साप दिसला की बाजूला होतो तेव्हा तो बिनविषारी आहे का हे आधी विचारत बसतो का?

आणि आपले रस्ते. अशा सागरी रस्त्यांवर बऱ्याच ठिकाणी साडेपाच मीटर डांबर असतं, कुठे तेवढंही नाही. आरसे धरून एक एसयूव्ही दोन मीटर. दोन समोरासमोर आल्या की चार मीटर गेले. उरलं दीड मीटर, त्यात माझं सत्तर सेंटिमीटरचं हँडल, आणि कडेला वीतभर खड्डा. हे गणित सहावीतली मुलं करतील. जर्मनीत २०२० पासून सायकलला ओव्हरटेक करताना गावात दीड मीटर आणि गावाबाहेर दोन मीटर अंतर सोडायचा नियम आहे. फ्रान्समध्ये गावात एक, बाहेर दीड. आपल्या मोटार वाहन कायद्यात कलम १८४ आहे, धोकादायक ओव्हरटेकला पहिल्या खेपेला १ ते ५ हजार दंड, किंवा सहा महिने ते वर्षभर कैद, किंवा दोन्ही. पण किती अंतर म्हणजे धोकादायक ते कुठे आहे? आकडा नसला की पोलीस काय मोजणार, आणि मी काय सिद्ध करणार? माझ्या कोपरावर आरशाचा निळा डाग होता तेवढाच माझा पुरावा, तोही आता पिवळा पडलाय.

पोलिसांचं सांगते. पहिला प्रश्न, हेल्मेट होतं का. होतं. दुसरा, एवढ्या पहाटे बायका रस्त्यावर कशाला. तिसरा, नंबर. नंबरचे शेवटचे दोनच आकडे दिसले, कारण प्लेटवर नक्षीदार अक्षरं होती. तक्रार लिहून घ्यायला दोन दिवस लागले. गाडी थांबवून जखमीला मदत करणं कलम १३४ खाली ड्रायव्हरवर बंधनकारक आहे, पण तो सापडलाच नाही तर बंधन कोणावर? गाडी सापडली नाही तर गंभीर जखमीला सरकार ५० हजार देतं, २०२२ पर्यंत साडेबारा हजार होते. तो अर्ज कुठे करायचा हे माझ्या नवऱ्याने तीन ठिकाणी विचारलं, तिन्ही ठिकाणी चौथ्या ठिकाणाचं नाव सांगितलं. अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे कॅशलेस उपचार ही २०२५ ची केंद्राची योजना, ती आम्ही गेलो त्या दवाखान्यात काउंटरवर कोणाला माहीतच नव्हती. ऑपरेशनचे पैसे आम्ही मुलीच्या फीसाठी ठेवलेल्यातून भरले. योजना जाहीर करताना तुमचे फोटो असतात, काउंटरवरच्या माणसाला एक कागद पाठवायला काय लागतं?

आणि मला खरंच विचारायचंय, हे गाडीवाले असे का वागतात? मला नाही वाटत गाडीमुळे. त्यांना माहीत आहे की काही होत नाही. पुढे पाठी ७० टक्के आणि बाजूला ५० टक्के उजेड काचेतून आरपार गेला पाहिजे हा नियम आहे, सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली, बुलबारवर कारवाई करा असं केंद्राने २०१७ मध्ये राज्यांना सांगितलं. मग रविवारी माझ्या अंगावरून काळ्या काचांची, बुलबारवाली, नक्षीच्या नंबराची गाडी गेली ती रत्नागिरीपर्यंत आली कशी? किती नाके लागले असतील वाटेत? स्कूटरवरच्या कोळणीला पीयूसीसाठी अडवतात, ते मी दर आठवड्याला बघते. तुमच्या गाड्यांवरचे लाल दिवे १ मे २०१७ ला गेले, पण ताफे तसेच उंच, काळे, आणि ते येतात तेव्हा आम्हाला शिट्टी मारून गटारात उतरवतात. रस्ता ताकदवानाचा असतो हे पोरांनी कोणाकडे बघून शिकायचं? तुमच्याकडेच बघून शिकतात, साहेब. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं, त्यावर आम्ही कोकणातली माणसं किती पावसाळे खड्डे मोजतोय. २०२२ या एका वर्षात देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली, त्यात सायकलवाले साडेचार हजारांच्या वर. माझ्यासारखे नुसते मोडलेले तर कित्येक, त्यांना कोण मोजतं?

सायकल म्हणजे फक्त आम्ही रविवारच्या बायका नाही. पहाटे काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या बायका आहेत, पेपरवाला आहे, आमच्या शाळेत डोंगरापलीकडून येणारी मुली-मुलं आहेत. त्यांच्याकडे हेल्मेट नाही, मागचा दिवा नाही, फोनवर पत्र लिहायला वेळ नाही. नववीतल्या एकीच्या बापाने मी पडल्यावर तिची सायकल बंद केली. एसटी सव्वानऊला येते, शाळा साडेसातची. ती गेले दहा दिवस पहिल्या तीन तासांना नसते. हे माझ्यामुळे झालं असं मला वाटत राहतं आणि मग मी चिडते कारण माझ्यामुळे झालेलं नाही.

साईडपट्टी भरा. मुरूम टाकून, दाबून, डांबराच्या पातळीला, नुसती माती लोटून नको, ती पुढच्या पावसात जाईल. राज्यापुरता तरी दीड मीटरचा आकडा काढा. आणि येत्या शनिवारी दुपारी दोनपासून गणपतीपुळ्याच्या रस्त्यावर दोन माणसं उभी करा, फक्त काळ्या काचा आणि बुलबार बघायला. तुम्ही स्वतः आलात तर फार बरं. तो कागद मी घेऊन येईन, समासातल्या अक्षरासकट, मुलीच्या स्कूटरवर मागे बसून येते. मी पडले ती जागा दाखवते. चिऱ्यावर सायकलचा पांढरा रंग अजून घासलेला आहे, आणि खोली मोजायला टेप मीच आणते.

आपली,
रत्नागिरी तालुक्यातली एक शिक्षिका