पाकीट तुमच्याकडून हरवलं नव्हतं, बाबा

घोडबंदर रोड, ठाणे

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

पत्र पाहून घाबरू नका, इथे सगळे बरे आहोत. फोनवर बोलता आलं असतं, पण तुमचा फोन स्पीकरवर असतो. बाबांना अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं आई मोठ्याने सांगते. ही गोष्ट मोठ्याने सांगण्यासारखी नाही. म्हणून ठळक अक्षरात लिहितोय. बाबा, भिंग घेऊन निवांत वाचा.

शनिवारी रात्री तुमच्या नातीबरोबर एक इंग्रजी सिनेमा पाहिला, 'मिलियन्स' नावाचा. २००४ सालचा आहे. पुढे मुंबईत येऊन 'स्लमडॉग मिलियनेअर' करणाऱ्या डॅनी बॉईलचा. दोन भाऊ असतात, त्यांची आई गेलेली असते, आणि वडील दोघांना घेऊन नव्या घरात राहायला येतात. धाकटा रेल्वेच्या रुळांशेजारी खोक्यांचं खोपटं करून त्यात बसतो. एक दिवस धावत्या गाडीतून नोटांनी भरलेली बॅग त्या खोपटावर येऊन आदळते. त्याला वाटतं, देवानेच पाठवली. त्याला ख्रिस्ती संत दिसत असतात, अगदी समोर येऊन गप्पा मारणारे. भेटेल त्या संताला तो विचारतो, माझी आई तिकडे दिसली का? थोरला व्यवहारी. 'आमची आई गेली' असं सांगितलं की लोक विरघळतात आणि हातावर काहीतरी ठेवतात, हे त्याला कळलेलं असतं. लेकीला त्याचा राग आला. मला नाही आला. घरात माणूस गेलं की पोरं काय काय करतात ते मला ठाऊक आहे.

धाकट्याच्या अंगावर गाडीतून पैसे पडले तेव्हा मी उठून गॅलरीत गेलो. लेक मागून आली, म्हणाली, बाबा, रडतोयस का? तिला काही सांगितलं नाही. आधी तुम्हाला सांगायला हवं.

१९९५ चा पावसाळा. वाशीला रेल्वे येऊन तीनच वर्षं झाली होती. ताईला घेऊन तुम्ही कुर्ल्याला गाडी बदलून परळच्या हॉस्पिटलात जायचात, सुट्टी असली की मीही बरोबर. खाडीचा पूल आला की ताई खिडकीच्या गजांतून चार आणे, आठ आणे खाली टाकायची आणि हात जोडायची. डब्यातल्या बायका निर्माल्याच्या पिशव्या टाकायच्या. ताई मला सांगायची, पाण्यात टाकलेलं देवापर्यंत पोचतं. ती सातवीत होती, मी तिसरीत. तिला माहीत नाही असं जगात काही असेल, हे मला पटलंच नसतं.

आणि आई, रात्री तिला झोप लागेना की तू तुकाराममहाराजांची गोष्ट सांगायचीस. महाराजांनी लोकांची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. पुढे गाथाही बुडवावी लागली, महाराज अन्नपाणी सोडून काठावर बसले, आणि तेराव्या दिवशी वह्या कोरड्याच्या कोरड्या वर आल्या. त्यांची पहिली बायको आणि मुलगा १६३० च्या दुष्काळात गेले, हे मी खूप नंतर वाचलं. तेव्हा तू ते सांगितलं नव्हतंस. आता कळतं का ते.

ताई गेली. पाचव्या की सहाव्या दिवशी बाबा कपाटातून ते खाकी पाकीट काढून आईला म्हणाले, "हे ऋण आहे आपल्यावर, ज्याचं त्याला परत करायचं." कंपनीतल्या लोकांनी औषधपाण्यासाठी वर्गणी काढली होती, त्यातले उरलेले दोन हजार तीनशे. पाचशेच्या चार नोटा आणि शंभराच्या तीन, शिवाय कोणी किती दिले त्याची यादी. मी पडद्यामागे होतो. दुसऱ्या दिवशी मामा मला चार दिवस चेंबूरला न्यायला आला, तेव्हा ते पाकीट माझ्या दप्तरात होतं.

मला चोरी करायची नव्हती. आम्ही देवाला नुसतीच नाणी दिली, म्हणून त्याने ऐकलं नाही, असा माझा हिशेब होता. शिवाय ऋणाचे कागद पाण्यात टाकायचे असतात, आणि टाकलेलं तेराव्या दिवशी वर येतं. पूल आला. मामाला डुलकी लागली होती. मी गजांतून हात बाहेर काढला, डोळे मिटले आणि पाकीट सोडलं. खाली भरती होती की गाळ, ते दिसलंच नाही.

मग दिवस मोजले. घरात ताईचं तेरावं झालं, पण माझा तेरावा दिवस त्यानंतरचा होता. त्या संध्याकाळी शाळेतून आल्यापासून मी गॅलरीत बसून होतो. स्टेशनाकडून येणाऱ्या रस्त्याने ताई चालत येणार, तिचा फ्रॉक कोरडा असणार. दिवेलागण झाली तरी मी उठलो नाही. बाबा, तुम्ही कामावरून आलात, चप्पलसुद्धा न काढता माझ्याशेजारी बसलात आणि खिशातली शेंगदाण्याची पुडी माझ्या हातात दिलीत. मी सगळं सांगणारच होतो. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "लोकांचे पैसे माझ्याकडून कुठेतरी पडले रे. पतपेढीतून कर्ज काढलंय. या वर्षी सहलीला नको जाऊस हं, राजा."

तुम्ही माझी माफी मागत होतात. माझ्या तोंडात शेंगदाणे होते आणि मला ते गिळताही येईनात.

ती यादी तुम्ही दोघांनी आठवून आठवून पुन्हा लिहिलीत, ओट्याजवळ बसून. एका नावावर अडलात आणि ते दुसऱ्या दिवशी आईला आठवलं. तेव्हापासून पगार थेट आईच्या हातात. "मी धांदरट, माझ्याकडे पैसे नकोत," हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतोय. आजही तुम्ही भाजीला जाताना आई मोजून पैसे देते आणि तुम्ही जिन्यात तीनदा खिसा चाचपता. दर वेळी माझ्या पोटात खड्डा पडतो.

सिनेमात पौंड बंद होऊन युरो येणार असतो, म्हणून त्या पोरांना थोड्या दिवसांत सगळे पैसे संपवायचे असतात. ब्रिटनमध्ये प्रत्यक्षात तसं कधी झालंच नाही. आपण मात्र ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र पाहिली. दुसऱ्या आठवड्यात मी तुमच्याबरोबर वाशीत बँकेच्या रांगेत उभा होतो. तुम्ही मधेच म्हणालात, "त्या पाकिटातल्या पाचशेच्या नोटा ज्याला मिळाल्या, त्याने त्या वेळेवर खर्च केल्या असतील ना रे?" एकवीस वर्षांनंतरही तुम्ही त्या न पाहिलेल्या माणसाची काळजी करत होतात. मी "हो" म्हणालो आणि पाणी आणायला गेलो. तेव्हाही सांगता आलं असतं.

सिनेमाच्या शेवटी तो मुलगा उरलेल्या नोटा रुळांपाशी नेऊन जाळतो आणि त्याची आई त्याला भेटायला येते. थोडाच वेळ, पण येते. लेक मला बिलगून बसली होती. मी त्या आईकडे बघत होतो आणि मला ताईचा तो फ्रॉक दिसत होता, निळा, पांढऱ्या कॉलरचा. आई, तो तू अजून जपून ठेवलायस का? विचारायचं धाडस कधी झालं नाही.

बाबा, तुमच्याकडून पाकीट कधीच पडलं नाही. तुम्ही ते कपाटात ठेवलं होतंत तिथेच होतं. ते मी घेतलं. मला क्षमा करा. आई, तुझ्या गोष्टीचा यात काही दोष नाही. तशी शंकाही मनात आणू नकोस. मी ती गोष्ट आता लेकीला सांगतो, तुझ्याच शब्दांत.

रविवारी सकाळच्या गाडीने तिला घेऊन वाशीला येतो. बाबा, आपण तिघं भाजीला जाऊ. पैसे तुमच्या खिशात ठेवा आणि तुम्हीच द्या.

तुमचा,
धाकटा