फोर्ट्रानच्या आधीही कोणी होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणक शाखेच्या प्रवेशांचे दिवस आले की वर्तमानपत्रांत संगणकाचा इतिहास छापून येतो. तो दरवेळी फोर्ट्रान या अमेरिकन संगणक-भाषेपासून निघतो आणि सी, जावा या भाषा करत थेट हिंजवडीत पोहोचतो. बाकीचे देश तेव्हा जणू झोपलेच होते!

मी कोल्हापुरात बरीच वर्षे सी शिकवले. पॉइंटर, म्हणजे माहिती संगणकाच्या स्मृतीत कुठे आहे त्या जागेचा पत्ता, आला की भल्याभल्या मुलांच्या पोटात गोळा येतो. पण पत्त्याच्या जागी दुसरा पत्ता ठेवण्याची ही युक्ती कातेरिना युश्चेंको या बाईंनी १९५५ मध्ये कीव्हला तयार केलेल्या ‘ॲड्रेस’ भाषेचा गाभाच होती, हे माझ्या एकाही विद्यार्थ्याने कुठे वाचलेले नव्हते. फोर्ट्रान वापरात आले १९५७ मध्ये. जर्मनीत कोनराड त्सुझे यांनी तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच ‘प्लानकाल्क्यूल’ ही भाषा लिहून काढली होती. ती संपूर्ण छापून यायला १९७२ साल उजाडले.

मग या भाषा गेल्या कुठे? सोव्हिएत सरकारने साठच्या दशकाच्या अखेरीस आयबीएम ३६० या अमेरिकन संगणकाची नक्कल करायचे ठरवले. तयार सॉफ्टवेअर मिळाले, घरची वाट मात्र अरुंद झाली. आपल्या उद्यमनगरात नमुना समोर ठेवून हुबेहूब पार्ट काढून देणारे कारागीर आहेत. त्यात कमीपणा काहीच नाही, पण पुढची मापे नमुनेवालाच ठरवतो.

आपलेही फार वेगळे झाले नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन आणि सहकाऱ्यांनी बांधलेला ‘टिफ्रॅक’ हा संगणक १९६० मध्ये सुरू झाला. १९६४ मध्ये तिथेच अमेरिकन सीडीसी ३६०० आला आणि देशी यंत्राचे दिवस भरले. टिकले ते जे प्रमाण म्हणून लिहून ठेवले गेले. भारतीय लिप्यांतल्या अक्षरांना संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या ‘इस्की’ संकेतावरून युनिकोड या जागतिक संकेतातल्या देवनागरीची मांडणी घेतली आहे. व्हॉट्सॲपवर मराठी टाइप करणाऱ्याला याची गंधवार्ताही नसते.

कोल्हापुरातल्या महाविद्यालयांनी पहिल्या वर्षाला यावर निदान दोन तास द्यावेत, एवढीच विनंती. परीक्षेत प्रश्न आला नाही तरी चालेल. उलट न आलेलाच बरा, मुले आवडीने ऐकतील.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक,
राजारामपुरी, कोल्हापूर