बी विंगच्या डक्टमधली केबल लाइन: अध्यक्षांना पत्र

दिनांक: १४ जुलै

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती

विषय: ०३ नंबरच्या सदनिकांच्या डक्टमधील स्प्लिटर काढून टॅप बसवून घेणे व डक्टची चावी मिळणेबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

गेल्या मंगळवारी जिन्यात ७०३ च्या वहिनींनी मला थांबवलं आणि विचारलं, "तुमचं नेट सुरू झालं त्याच दिवशी आमचं बंद कसं पडलं हो?" त्यांचा संशय रास्त होता. जिन्यातल्या दोन मिनिटांत सांगण्यासारखी गोष्ट नव्हती, म्हणून हे पत्र.

आमच्या घरी, म्हणजे २०३ मध्ये, मार्चपासून नेट दिवसातून आठ-दहा वेळा जायचं. मुलगी घरून काम करते, त्यामुळे दर वेळी तिची तक्रार माझ्याकडे आणि माझी केबलवाल्याकडे. तो म्हणायचा, "काका, मोडेम बंद करून चालू करा." शेवटी मीच ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाकून मोडेमचं पान उघडलं. येणारा सिग्नल उणे १३ डीबीएमव्ही (सिग्नलच्या ताकदीचं माप), आणि मोडेम परत पाठवत होता ५१ ने. येणारा आकडा शून्याच्या आसपास, फार तर सात वर किंवा सात खाली असावा. जाणारा पस्तीस ते पन्नासमध्ये बरा. ५१ म्हणजे आमचा मोडेम बेंबीच्या देठापासून ओरडत होता.

थोडी चूक घरातलीच निघाली. टीव्हीच्या मागे तीन तोंडांचा स्प्लिटर, म्हणजे एका वायरीतला सिग्नल वाटून देणारा जोड, होता आणि मोडेम त्याच्या ७ डीबी (सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप) खाणाऱ्या तोंडाला. दोन तोंडांचा लावला, तो साडेतीन खातो. येणारा उणे साडेनऊवर आला, जाणारा साडेसत्तेचाळीसवर. स्प्लिटर जाताना जेवढं खातो तेवढंच येतानाही, म्हणून दोन्ही आकडे एकदम सुधारले. तरी उणे साडेनऊ कमीच. सिग्नल उणे सहाच्या खाली असला की मोडेमला तो अधिक स्वच्छ लागतो, निदान ३३ डीबी एसएनआर, म्हणजे खरखरीपेक्षा सिग्नल तेवढा वर. पाऊस पडला की आमचा २९ वर घसरायचा.

मग केबलवाल्याचा पोरगा गच्चीवर गेला आणि त्याने बूस्टरचा, म्हणजे सिग्नल वाढवणाऱ्या डब्याचा, स्क्रू फिरवला. माझा आकडा उणे साडेचारवर आला. मी त्याला चहा पाजला! त्याच संध्याकाळी ७०३ चं नेट गेलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन पाहिलं तर अधिक १७. मोडेम पंधरापर्यंत घेतो, त्यापुढे तो भांबावतो. म्हणजे वहिनींचं खरं होतं, आणि तो चहा मला महागात पडला.

आता मूळ मुद्दा. गच्चीवरून एकच वायर डक्टमधून खाली येते आणि प्रत्येक मजल्यावर ती कापून मध्ये दोन तोंडांचा स्प्लिटर घातला आहे. सातवा, सहावा, पाचवा, चौथा, तिसरा: पाच स्प्लिटर, प्रत्येकी साडेतीन. माझ्यापर्यंत येईतो साडेसतरा डीबी तिथेच संपतात, उरलेले चारेक जुन्या वायरीत आणि जोडांत. दर ३ डीबीला ताकद निम्मी होते, एवढं लक्षात घेतलं की स्क्रू फिरवून हे का सुटणार नाही ते कळतं. वरच्याला पूर येईल तेव्हा खालच्याला घोटभर मिळेल. शिवाय बूस्टर सिग्नलबरोबर त्यातली खरखरही वाढवतो. पाण्याच्या टाकीवरून आपण दोन वर्षं जे भांडलो, तेच हे, फक्त नळ दिसत नाही.

यावर उपाय टॅपचा. टॅप मुख्य लाइनमधून थोडंसंच काढून घेतो आणि बाकीचं पुढे सोडतो. वरच्या मजल्यांना जास्त आकड्याचा (म्हणजे कमी काढून घेणारा) टॅप, खालच्यांना कमी आकड्याचा, म्हणजे सगळ्यांना सारखं मिळतं. तोपर्यंत ७०३ ला १० डीबीचा अटेन्युएटर, म्हणजे सिग्नल तेवढा कमी करणारा जोड, लावून दिला तर त्यांचं नेट त्याच दिवशी सुरू होईल.

दुसरी गोष्ट जरा नाजूक आहे. घरांकडून वर जाणाऱ्या मार्गावर प्रत्येक घरातली खरखर एकाच वायरीत गोळा होते, सांडपाण्याच्या पाइपासारखी. ४०३ वर्षभर बंद आहे आणि त्यांच्या स्प्लिटरचं तोंड उघडं आहे. तिथे ७५ ओहमचं टोपण, म्हणजे टर्मिनेटर, बसवायला हवं. ५०३ मध्ये डिश अँटेनाचा स्प्लिटर लावलेला दिसला. त्यावर ९५० ते २४०० मेगाहर्ट्झ छापलंय. आपल्याला ५ ते १००० वाला लागतो. मोडेमचा आवाज परत जातो तो अगदी खालच्या मेगाहर्ट्झवर, आणि हा स्प्लिटर तो जाऊच देत नाही. त्यांचं नेट कधीच का लागलं नाही, याचं उत्तर बहुधा तेच. त्यांना मी सांगायला गेलो तर "तुम्ही कोण सांगणारे" असं होईल, म्हणून कमिटीने सांगावं.

आणि गच्चीवरचा जोड. बूस्टरला दुधाची पिशवी सुतळीने बांधली आहे. मी ती सोडली, कनेक्टर उघडला, तर आतून चमचाभर पाणी सांडलं. मधली तांब्याची तार हिरवी पडली होती. पाऊस आणि २९ चा आकडा यांचा संबंध मला तिथे दिसला. (बूस्टरची वीज आपल्या लिफ्टरूमच्या मीटरवरून जाते, हेही तेव्हाच दिसलं. तो विषय सभेत काढीन.)

काही जण म्हणतील, फायबर घ्या. दोघांनी घेतलंही. पण टीव्ही आणि नेट एकाच वायरीवर असणारी घरं अजून पुष्कळ आहेत, आणि डक्ट सोसायटीची आहे, केबलवाल्याची नाही.

तरी कमिटीने केबलवाल्याला लेखी कळवून टॅप, टर्मिनेटर आणि पाणी न शिरणारे नवे कनेक्टर बसवून घ्यावेत, बूस्टरला नीट अर्थिंग द्यायला सांगावं, आणि काम झाल्यावर २०३ व ७०३ दोन्हीकडचे आकडे लिहून घ्यावेत. तोवर स्क्रूला कोणी हात लावू नये. डक्टची चावी वॉचमनकडे असते, पण तो "साहेबांची चिठ्ठी आणा" म्हणतो. ती चिठ्ठी रविवारी सकाळी मिळाली तर बरं. शिडी माझ्याकडे आहे.

कळावे,
आपला,
सदनिका बी-२०३

प्रत: सदनिका बी-७०३, माहितीसाठी