गुळाचा रंग आणि निर्यातीचे निकष

मा. संपादक,

ज्या कीटकनाशकासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याचा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमहून अधिक अंश असलेला माल युरोपीय संघ स्वीकारत नाही. शंभर टनांत एक ग्रॅम, असा हा हिशेब आहे. २०१० साली वेलींची वाढ आवरण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या क्लोरमेक्वाट क्लोराइड या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात अडकली, तेव्हा त्याची झळ बागायतदारांनीच सोसली. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ पासूनच्या करारात विकसनशील देशांना अशा निकषांसाठी वाढीव मुदत देण्याची तरतूद आहे. पण परदेशी खरेदीदार कराराची कलमे वाचून माल उचलत नाही.

तरीही आपला गूळ निर्यातीत अडतो याचा सारा दोष परदेशी निकषांवर ढकलणे मला, एक गुऱ्हाळमालक म्हणून, पटत नाही. काहिलीत रस उकळू लागला की मळी वर यावी म्हणून आम्ही भेंडीचा चिकट रस घालतो. असा गूळ तांबूस उतरतो. बाजार समितीच्या सौद्यात (लिलावात) मात्र पिवळ्याधमक रव्याला, म्हणजे गुळाच्या ढेपेला, चढा भाव मिळतो, आणि तो रंग अनेकदा हायड्रॉस पावडर या रंग उजळवणाऱ्या गंधकयुक्त रसायनाचा असतो, हे देणारा-घेणारा दोघेही जाणतात. तोच रवा निर्यातीसाठी निघाला की गंधकाच्या तपासणीत अडतो. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण सौद्यातला भाव अजून डोळ्यांनीच ठरतो. बाजार समितीने यार्डातच अल्प शुल्कात नमुना तपासणी सुरू करून तिचा दाखला सौद्याच्या वेळी रव्यासोबत ठेवावा, ही विनंती.

– एक गूळ उत्पादक, करवीर, जि. कोल्हापूर