माळावरचे संशोधन आणि शाळेचा वर्ग एकत्र यावेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पदव्युत्तर प्रवेशाचे दिवस आले की ओळखीची मुले विचारतात, ‘सर, वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करू की सरळ बी.एड.ला जाऊ?’ मी एम.एस्सी. करून माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि मुलांना ही निवड करावी लागते याचेच मला वाईट वाटते. माळावर गवतांचा अभ्यास करणे आणि तोच अभ्यास शाळेतल्या मुलांबरोबर करणे, असे दोन्ही मिळून एक पदव्युत्तर शिक्षण सोलापुरात मिळायला हवे.

सोलापुरातच का, याचे उत्तर आपल्या माळात आहे. वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, बोटभर मातीखाली लागणारा मुरूम, आणि त्यावर मारवेल, पवन्या, डोंगरी, कुसळी ही गवते. नान्नजचे माळढोक अभयारण्य १९७९ सालचे. माळढोकाचे नाव घराघरात आहे, पण तो ज्या गवतात राहिला त्या गवतांची नावे पदवीधरांनाही सांगता येत नाहीत. गवताळ माळाला आपण पडीक म्हणत आलो. मग ‘हिरवाई’साठी तिथे ग्लिरिसिडिया, सुबाभूळ लावले गेले. उन्हात वाढणारे गवत सावलीखाली विरळ होते आणि मोकळ्या माळावरचे पक्षी झाडोऱ्यात थांबत नाहीत. वृक्षारोपण करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण माळ ही स्वतःच एक पूर्ण परिसंस्था आहे, हे त्यांना शाळेत कोणी दाखवलेले नसते.

आठवीला परिसंस्थेचा धडा आहे. मुले जैविक-अजैविक घटक धडाधड सांगतात. त्याच वर्गात कुसळीचे एक बी आणून बघावे. बियाला पीळ पडलेले लांब काळे कुसळ असते. कुसळावर पाण्याचा थेंब टाकला की पीळ उलगडू लागतो आणि ते बाकावर गोल फिरते. वाळले की पुन्हा पीळ भरतो. माळावर ओल आणि ऊन आलटून पालटून मिळते तसे हे बी फिरत फिरत मातीत शिरते. बियाचे टोक अणकुचीदार असते आणि त्यावरचे केस मागे वळलेले असतात, त्यामुळे आत गेलेले बी सहसा बाहेर येत नाही. एवढे पाहिल्यावर अख्खा वर्ग बाकाभोवती गोळा होतो. मग मेंढरे राखणाऱ्या घरातला, एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारा एखादा मुलगा सांगतो की कुसळ धरायच्या आधीच मेंढरे हे गवत खातात, नंतर ते तोंडाला टोचते आणि लोकरीत अडकते. हे ज्ञान कोणत्याही प्रबंधात शोभेल असे आहे. ते टिपून घ्यायला तिथे संशोधक मात्र नसतो.

माझ्या मनातला अभ्यासक्रम फार खर्चिक नाही. विद्यार्थ्याने गावच्या गायरानात ग्रामपंचायतीच्या परवानगीने एक तुकडा चराईबंद करावा, शेजारचा खुला ठेवावा. दोन्हीकडे एक मीटर बाय एक मीटरची चौकट टाकून कोणते गवत किती आहे ते मोजावे. तीच मोजणी जवळच्या शाळेतल्या मुलांनी त्याच्याबरोबर करावी. मुलांच्या नोंदी विश्वासार्ह कशा, असे कोणी विचारेल. त्यातल्या काही चौकटी विद्यार्थ्याने स्वतः पुन्हा मोजाव्यात आणि फरक किती आला ते प्रबंधात लिहावे. दुसरा भाग शिक्षणाचा. झाड आपले अन्न मातीतून घेते, ही मुलांची समजूत किती चिवट असते ते प्रत्येक विज्ञान शिक्षक जाणतो. वर्षभर माळावर काम केल्यावर ती बदलते का, हा संशोधनाचाच प्रश्न आहे. मार्गदर्शक दोन हवेत, एक वनस्पतिशास्त्राचा आणि एक शिक्षणशास्त्राचा. नाहीतर तोंडी परीक्षेला एक बाजू लंगडी पडते.

वेळापत्रकही जुळते. शाळा जूनमध्ये उघडते तेव्हा गवत उगवत असते. फुलोरा आल्याशिवाय गवताची जात नीट ओळखता येत नाही, आणि तो पावसाळ्याच्या उत्तरार्धात, पहिले सत्र संपायच्या आत येतो.

असे पूर्वी झालेलेही आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने १९९९ मध्ये ‘जीके-१२’ ही योजना सुरू केली. विज्ञानात संशोधन करणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना त्यात पाठ्यवृत्ती मिळे आणि ते आठवड्यातले काही तास शाळेत, शिक्षकाच्या जोडीने काम करत. आपल्याकडे मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ शाळांत सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम तीस वर्षे चालला आणि विद्यापीठांतले शास्त्रज्ञ गावच्या शिक्षकांबरोबर प्रयोग करत बसले. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र तर विज्ञान शिक्षणात पीएच.डी. देते. सोलापूरच्या मुलाला त्यासाठी मुंबई गाठावी लागू नये.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात एम.एस्सी.च्या दुसऱ्या सत्रात चार श्रेयांकांचे कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प असतो, दुसऱ्या वर्षी संशोधन प्रकल्प. कार्यप्रशिक्षणासाठी कंपनी आणि प्रयोगशाळा चालते, मग शाळा का नको? आमच्या विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव आहे आणि त्याचा परिसर या माळाच्याच मुलखात आहे. वनस्पतिशास्त्र आणि शिक्षणशास्त्र या दोन अभ्यासमंडळांनी एकत्र बसून शाळेला मान्यताप्राप्त ठिकाण ठरवावे आणि संयुक्त मार्गदर्शनाची तरतूद करावी. विद्यार्थ्याच्या एसटी भाड्याचीही सोय बघावी, कारण माळावर आठवड्याला जाणे ज्याला परवडत नाही तोच बहुधा त्या माळाला सर्वात जास्त ओळखतो.

एम.एस्सी. झालेली आमची कितीतरी मुले शेवटी शिक्षकच होतात. बी.एड.मध्ये त्यांना पाठ घ्यायला शिकवतात, पण पदवीत केलेला माळावरचा अभ्यास त्या पाठात आणायचा कसा, हे कोणी सांगत नाही. जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांच्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे, की असा विद्यार्थी पत्र घेऊन आला तर त्याला आठवड्याचे दोन तास आणि शाळेच्या आवाराचा एक न नांगरलेला कोपरा द्यावा. पुढच्या जूनच्या आधी हे ठरले, तर पहिल्या पावसाची उगवण त्याला मुलांबरोबर मोजता येईल.

आपला,
एक माध्यमिक विज्ञान शिक्षक, सोलापूर