आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर - बर्फातल्या कुत्र्यांबद्दल

प्रिय आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस ना, "मुक्या जनावरांना एवढं पळवतात, पाप नाही का ते", आणि नेमकी रेंज गेली, तेव्हापासून ते डोक्यात आहे, म्हणून सविस्तर लिहितेय. शनिवारी गोष्टी ऐकायला येणाऱ्या गल्लीतल्या पोरांनाही सांगता येईल तुला.

इथे अलास्कात मार्चमध्ये इडिटारॉड नावाची रेस असते, कुत्र्यांनी ओढायच्या स्लेजची, म्हणजे बर्फावरून घसरत जाणाऱ्या बिनचाकी गाडीची, आमच्या अँकरेजपासून पार नोमपर्यंत, साधारण 1600 किलोमीटर. पहिली 1973 साली झाली, तेव्हा जिंकणाऱ्याला 20 दिवस लागले होते, आता 8-9 दिवसात पोचतात. पहिल्या दिवशी शहरात नुसतीच मिरवणूक असते, त्यासाठी रस्त्यावर ट्रकने बर्फ आणून पसरतात (हो, अलास्कात!), आणि खरी रेस दुसऱ्या दिवशी सुटते.

बाबा, तुम्हाला बैलगाडा शर्यतीचं वेड, म्हणून एक खास तुमच्यासाठी. गाडीवानाच्या हातात कासरा तरी असतो, इथे लगाम नाही, दोरी नाही, काहीच नाही. स्लेज हाकणाऱ्याला मशर म्हणतात, तो मागे उभा राहून फक्त आवाज देतो, "जी" म्हटलं की उजवीकडे, "हॉ" म्हटलं की डावीकडे, बास. पुढची लीडर कुत्री ऐकतात आणि सगळी टीम वळते. आणि कधीकधी लीडरला पुढचा बर्फ कच्चा वाटला तर तो सांगूनही जात नाही, मग शहाणा मशर त्याचंच ऐकतो. मला हे सगळ्यात जास्त आवडतं.

सुरुवातीला तर असला कालवा असतो! कुत्री उड्या मारतात, भुंकतात, स्लेज ओढायचे दोर चावतात, स्लेज पुढे जाऊ नये म्हणून माणसं धरून उभी असतात, मागे बर्फात लोखंडी आकडाही रोवलेला असतो. तो उपटला की भुंकणं एकदम बंद आणि पळणं सुरू. मारून पळवलेलं जनावर असं करत नाही गं आई, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आणि बूट! प्रत्येक पंजाला कापडाचा छोटा बूट, वेल्क्रोने बांधायचा, म्हणजे बोटांमध्ये बर्फाचे गोळे होत नाहीत आणि पाय कापत नाहीत. 16 कुत्री असली तर एका वेळी 64 बूट, ते फाटतात, हरवतात, अख्ख्या रेसमध्ये हजाराच्या वर लागतात. थांब्यावर पोचलं की मशर आधी स्वतः जेवत नाही, बूट काढायचे, पंज्यांना मलम चोळायचं, गवत अंथरायचं, बर्फ वितळवून गरम पाण्यात मांस आणि चरबी घालून त्यांना द्यायचं, मग स्वतःचं. दिवसाला 10,000 कॅलरीच्या आसपास खातं एकेक कुत्रं, आणि वजन जेमतेम 20-25 किलो! डॉक्टर असतात थांब्यांवर, एखादं दमलं किंवा लंगडलं तर ते तिथेच ठेवून विमानाने परत आणतात. एकदा सलग 24 तासांची विश्रांती घ्यावीच लागते, शिवाय 8-8 तासांच्या दोन.

पण तुझं म्हणणं अगदी चूक नाही. 2024 च्या रेसमध्ये तीन कुत्री दगावली. एरवी बऱ्याच ठिकाणी ती साखळीने आपापल्या खोपटापाशी बांधलेली असतात, त्यावरून इथेही लोक चिडतात, आणि ते चिडतात हे बरंच आहे असं मला वाटतं, त्यामुळे नियम कडक होतात. पोरांना हेही सांग, लपवू नकोस.

गोष्ट सांगायची तर टोगो नावाच्या कुत्र्याची सांग. 1925 साली नोममध्ये घटसर्पाची साथ आली, औषध नेनानापर्यंत रेल्वेने आलं आणि पुढचे 1085 किलोमीटर 20 मशर आणि दीडशेच्या आसपास कुत्र्यांनी एकाकडून दुसऱ्याकडे देत साडेपाच दिवसात पोचवलं. शेवटच्या टप्प्यात बाल्टो नावाचा कुत्रा होता, न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात पुतळा त्याचा झाला. पण सगळ्यात लांबचा आणि गोठलेल्या समुद्रावरचा धोक्याचा टप्पा सेप्पाला नावाच्या मशरच्या टीमने केला, आणि त्यात पुढे होता टोगो, 12 वर्षांचा म्हातारा! आपल्या पोरांना पुतळेवाला आधी कळायला नको, टोगो आधी कळू दे.

आणि हो, इडिटारॉड मुलीही जिंकतात हे आवर्जून सांग. 1985 साली लिबी रिडल्स भयंकर वादळात एकटी निघाली, बाकीचे थांबले, आणि ती पहिली आली. मग सुझन बुचर चार वेळा जिंकली. 14 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी ज्युनियर इडिटारॉड पण असते, ती मुलं रात्री बर्फात आपल्या कुत्र्यांजवळ मुक्काम करतात.

बाबा, शुगरचा रिपोर्ट व्हॉट्सॅपवर टाका, टाळाटाळ नको. आई, गोष्ट सांगून झाली की पोरांनी काय काय विचारलं ते लिहून पाठव, इथे एक मशर बाई ओळखीच्या आहेत, त्यांना विचारून उत्तरं कळवते.

तुमची,
सई